साखर पेठेतला धोटा

“नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय, आणि तुम्ही होडी करणार?” बायकोनं हे विचारलं तेव्हा पाण्याचा दिवस होता आणि आम्ही दोघं पिंपं भरत होतो. मी गप्प राहिलो. पुढे वर्षभर हाच प्रश्न पेठेतल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारला. वखारवाल्यानं विचारला, मोटारी रिवाइंड करणाऱ्यानं विचारला, बँकेतल्या शिपायानं तर रोज विचारला. उत्तर माझ्याकडे आजही नाही. खूळ कुठं लागलं ते मात्र सांगता येईल.

एका फेब्रुवारीत आम्ही रोहित पक्षी बघायला भिगवणकडे उजनी धरणाच्या फुगवट्यावर गेलो होतो. पक्षी जवळ आले तसं नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि बांबूनं होडी ढकलत नेली. दहा मिनिटं, फार तर. पाण्याचा बुडबुड आवाज आणि पक्ष्यांची कलकल, बस्स. परत येताना इंजिन सुरू झालं आणि मला उगाचच राग आला. घरी येऊन शोधत बसलो तेव्हा कनू सापडली. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, एका पात्याच्या वल्ह्यानं चालवायची हलकी होडी. दोन माणसं बसतात, दोन माणसं उचलतात, आणि एक हौशी माणूस ती घरी बनवू शकतो, असं सगळे लिहीत होते. हौशी माणूस सोलापुरात राहत असेल तर काय, हे कुणी लिहिलं नव्हतं.

लाकडी कनू करायच्या मुख्य रीती दोन. एक म्हणजे साच्यावर लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत जायचं. पट्टी जेमतेम सहा मिलिमीटर जाड आणि पाऊण इंच रुंद. दिसायला हीच सर्वांत देखणी. पण त्यासाठी लांबच लांब, सरळ आणि बिनगाठीचं हलकं लाकूड लागतं. वखारीत विचारलं तर मालक म्हणाले, “सागात बारा फूट बघू. पंधरा फूट बिनगाठीचं पायजे तर नशीब घेऊन या.” तेव्हा दुसरी रीत. पातळ प्लायवुडचे लांबट तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं एकमेकांना शिवायचे, आणि मग सांध्यात इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव्यं कालवून घट्ट होणारा गोंद, भरून तारा काढून टाकायच्या. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘मिरर’ नावाची शिडाची छोटी होडी घरी जोडायच्या संचात विकली गेली, तिनं ही रीत सगळीकडे पोचवली. होडी शिवणं आपल्याला मात्र नवं नाही. अरबी समुद्रातली जुनी जहाजं काथ्यानंच शिवलेली असत. अजिंठ्याच्या चित्रावरून तसंच शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. मला मात्र तेव्हा एवढंच दिसलं की यात सुतारकाम कमी आणि शिवणकाम जास्त आहे, आणि ते आपल्याला झेपेल.

जागा दिली अण्णांनी. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचा कारखाना. साखर पेठेत कारखाना म्हटलं की यंत्रमागाची शेड समजायची. चार माग होते, टॉवेल निघायचे. काही वर्षं बंदच होते, नंतर भंगारात गेले. उरली ती पत्र्याची रिकामी शेड, भिंतीवर जुनी कॅलेंडरं, आणि जमिनीतून वर आलेले मागाचे बोल्ट, ज्यांना मी पहिल्या महिन्यात सहा वेळा अडखळलो. अण्णा पंचाहत्तरीचे, घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी. मी जागा मागितली तेव्हा त्यांनी विचारलं, “भाडं?” मी म्हणालो, “सांगाल ते.” “मी बघत बसणार. तेच भाडं.” आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून दारात स्टूल टाकून बसले.

होडी चौदा फुटांचीच का, याचं उत्तर नकाशात नव्हतं, आमच्या बोळाच्या वळणात होतं. मनात सोळा फुटी होती. पण आधी सोळा फुटांचा बांबू आणून तो शेडमधून रस्त्यापर्यंत नेऊन पाहिला. गड्ड्याच्या यात्रेत याच शहरातले लोक सात उंचच उंच नंदीध्वज पेठापेठांतून तोल सांभाळत नेतात, आणि माझा एक बांबू शेजारच्या जिन्याला अडकला. दोन फूट कापल्यावर निघाला. कुठली होडी बनवायची ते असं ठरलं. चौदा फूट लांब, बत्तीस इंच रुंद, पुढून-मागून अगदी सारखी.

पहिला फटका प्लायवुडनं दिला. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१० हा शिक्का असलेला, ज्याचे थर उकळत्या पाण्यात बहात्तर तास टिकले पाहिजेत. चार मिलिमीटर जाडीचा कुणी ठेवत नाही. एका दुकानातून मागवला, शिक्का होता, पावतीही होती. तरी मनात शंका म्हणून एक तुकडा घरच्या पातेल्यात उकळत ठेवला. तीन तासांत थर जुन्या वहीच्या पानांसारखे सुटले. बायको म्हणाली, “हे पातेलं आता तुमचंच.” दुकानदारानं माल परत घेतला, पण पैसे मिळायला पाच चकरा झाल्या. दुसरा माल पुण्याहून आला, टेम्पोत गाद्यांच्या मध्ये झोपून. त्याचा तुकडा एका रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत उकळला. बहात्तर तास काही गॅस जाळला नाही. पण तो हूं की चूं करेना, तेव्हा तीन शीट कापायला घेतली.

शीट आठ फुटी, होडी चौदा फुटी, म्हणजे जोड आला. दोन्ही कडांना रंध्यानं उतार द्यायचा, जाडीच्या आठपट लांब. चार मिलिमीटरला बत्तीस. मग उतारावर उतार चिकटवायचा. प्लायचं बरं असं की त्याचे थर उतारावर पट्ट्यांसारखे दिसतात. पट्ट्या सरळ असल्या की उतार सरळ. वाकड्या झाल्या की समजायचं, हात कुठं तरी जड पडला. माझ्या पहिल्या पट्ट्या भीमेच्या पात्रासारख्या वळल्या होत्या.

आकार काढायला नकाशात मापांचा तक्ता असतो. दर फुटाला एक ठिपका, आणि ठिपके जोडणारी सुंदर वक्र रेघ. तिच्यासाठी लवचीक पट्टी लागते. मी वायरिंगची पीव्हीसी केसिंग पट्टी वापरली, ठिपक्यांवर खिळे ठोकून त्यांना टेकवत. इथं टेप नाही, डोळा लागतो. जमिनीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून रेघेच्या लांबीतून बघायचं. कुठं कुबड असेल तर कळतं. मी असा पालथा पडलेलो असताना शेजारच्या आजींनी येऊन तब्येतीची चौकशी केली होती.

मार्चमध्ये शिवण. तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आणली, अठरा गेजची. दर चार इंचांना भोक, दोन्हीकडून तार, आणि पक्कडीनं हलका पीळ. लेक सुट्टीच्या दिवशी मदतीला यायची. दोनशेच्या आसपास टाके पडले. सपाट पडलेले ते लाकडाचे तुकडे टाके आवळत गेलं तसे आपोआप वर उठायला लागले. हा भाग मी कितीही वाचला असता तरी समजला नसता. कुणी वाकवत नाही, वाफ देत नाही, फक्त दोन वक्र कडा एकमेकींना भेटल्या की सपाट फळीचा पोटाचा आकार होतो. संध्याकाळी लेक आणि मी मागं सरकून बघत उभे होतो. स्टुलावरून अण्णा म्हणाले, “धोटा बनवलालास की रे!”

खरंच धोटा होता, मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये पोकळ. सुताची कांडी बसायच्या जागी माणूस बसणार, एवढाच फरक. अण्णा आत गेले आणि एक जुना धोटा घेऊन आले. पितळी टोकं गुळगुळीत, लाकूड हाताळून काळं झालेलं. तो त्यांनी होडीत मधोमध ठेवला. नंतर तो तिथंच राहिला, काम करताना बाजूला ठेवायचा आणि झालं की परत आत.

मग त्यांनी तेच केलं जे मी आठवडाभर करायला हवं होतं. एका टोकाला जाऊन उभे राहिले, डोळा बारीक केला आणि म्हणाले, “वाकडं आहे.” मी म्हणालो, “नाही अण्णा, मध्यरेषा दोऱ्यानं बघितलीय.” त्या दोऱ्याचा मला अभिमान होता. मागाचे बोल्ट एका ओळीत पक्के बसवलेले, त्यांनाच तो बांधला होता, आणि अडखळण्याची ती भरपाई वाटत होती. अण्णांनी दोन सरळ पट्ट्या मागितल्या, एक पुढं आणि एक मागं होडीवर आडवी ठेवली. एकीच्या कडेवरून दुसरीकडे बघितलं तर दोन्ही समांतर नव्हत्या, पुढचं टोक एका बाजूला पिळलं होतं. मध्यरेषा सरळ असूनही होडी पिळलेली असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कारण साधं. मी नेहमी उजव्या बाजूनं टाके आवळत गेलो होतो. “ताणा एका बाजूनं ओढलास तर कापड तिरकंच येतंय,” अण्णा म्हणाले. साठ टाके सैल केले, खाली पाचरी दिल्या, वरून विटा ठेवल्या आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं आवळत आणलं. इपॉक्सी भरल्यावर हे लक्षात आलं असतं तर ती होडी आयुष्यभर एका बाजूला वळत राहिली असती.

आता इपॉक्सी. हे काम थंडीत करायचं असतं. मी सुरू केलं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सोलापुरात, पत्र्याखाली. याहून मूर्ख वेळापत्रक शोधून सापडणार नाही.

रेझिन आणि हार्डनर मिसळलं की दोघांची क्रिया सुरू होते, आणि ती स्वतःच उष्णता तयार करते. डब्यावर लिहिलं होतं, पंचवीस अंशांना तीस मिनिटं. साधारण दर दहा अंशांमागे हा वेळ निम्मा होतो. बाहेर बेचाळीस, तर पत्र्याखाली किती ते मी मोजलं नाही. पहिल्या दिवशी आइस्क्रीमच्या डब्यात एकदम चारशे ग्रॅम कालवलं. कोपऱ्यात भरायला वळलो, परत वळलो तर डबा गरम. उचलला तर हाताला चटका. मग धूर. डबा वितळून बसकण मारायला लागला तसा पळत जाऊन तो वाळूच्या ढिगात फेकला. अण्णांनी स्टूल दोन फूट मागं घेतलं. तो घट्ट गोळा अजून आहे, दाराला टेकण म्हणून वापरतो.

त्यानंतर शंभर ग्रॅमच्या वर कधी कालवलं नाही, आणि कालवलं की लगेच पसरट ताटलीत ओतायचं. खोल भांड्यात उष्णता साठते, पसरलेल्या थरातून ती निघून जाते. ताटलीखाली परातीत माठातलं पाणी. एका ओळखीच्या मिस्त्रींनी सल्ला दिला होता, लवकर वाळायला हवं तर हार्डनर जास्त टाका. तो पॉलिएस्टर रेझिनचा हिशेब. इपॉक्सीत प्रमाण चुकलं की वाळत नाही, चिकट राहतं, मग हार्डनर कमी असो की जास्त. आणि डब्यावरचं प्रमाण वजनाचं की मापाचं, हे चष्मा लावून वाचावं. मी स्वयंपाकघरातला काटा वापरला. पातेल्यानंतर तोही माझाच झाला.

सांध्यात भरायला लांबी लागते, म्हणजे घट्ट लगदा. त्यासाठी इपॉक्सीत लाकडाचा भुसा घालायचा, पण मैद्याच्या चाळणीनं चाळलेला, अगदी पिठासारखा. घट्टपणा पुरणपोळीच्या पुरणाइतका. पातळ झालं तर उभ्या सांध्यातून ओघळतं, जास्त घट्ट झालं तर चिरा राहतात. चमच्यानं भरताना हात, कोपर, केस, सगळ्यांना लागत होतं. लेक बघत होती. म्हणाली, “पप्पा, मेंदीच्या कोनात भरा की.” दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला, आणि अख्खा सांधा पाऊण तासात भरून झाला. वर आइस्क्रीमच्या काडीच्या गोल टोकानं एकसारखा दाब. सुकल्यावर तारा गरम करून ओढून काढल्या.

खरी फजिती त्यानंतर झाली. आतून-बाहेरून लाकडावर इपॉक्सीचा पहिला हात द्यायचा होता. मी शहाणपणा केला. दुपारी शक्य नाही, तर पहाटे चारला उठून गारव्यात काम करायचं. छान लागलं, आरशासारखं. सहाला चहा प्यायला घरी गेलो. नऊ वाजता येऊन बघतो तर सगळ्या पृष्ठभागावर बुडबुडे, देवी आल्यासारखे. दुसऱ्या बाजूला पुन्हा पहाटे केलं, पुन्हा बुडबुडे. रेझिन खराब आहे म्हणून पुरवठादाराला फोन करून दोन शब्द बोललोही. चूक त्याची नव्हती. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. सूर्य वर येतो तसं लाकूड तापतं, आतली हवा फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बाहेर पडते. काम करायचं ते ऊन उतरताना, संध्याकाळी. लाकूड निवत जातं, हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढलं जातं. म्हणजे पहाटेचा गारवा हा सापळा, आणि संध्याकाळी सातचा उकाडा चांगला. अंगाला जे बरं वाटतं ते लाकडाला बरं नसतं, हे कळायला मला होडीच्या दोन्ही बाजू खरवडाव्या लागल्या.

मग संध्याकाळी लावायला लागलो तर वरून तूस. पस्तीस वर्षं त्या शेडमध्ये सूत उडत होतं, आणि ते सगळं वाशांवर, पत्र्याच्या खोबणीत जाऊन बसलं होतं. पंखा लावला की पांढरी तूस अलगद खाली, थेट ओल्या इपॉक्सीवर. एक अख्खा रविवार शिडीवर चढून ओल्या फडक्यानं वासे पुसले. अण्णा खालून दाखवत होते, इथं राहिलं, तिथं राहिलं. दोन बादल्या निघाल्या. “टॉवेल झाला असता एक,” अण्णा म्हणाले. एवढं करूनही डाव्या टोकाजवळ एक सुताचा धागा इपॉक्सीत कायमचा अडकलेला आहे. तो मी मुद्दाम काढला नाही असं मी सांगतो. खरं तर तो उशिरा दिसला.

मे अखेर वळवाचे दोन पाऊस झाले, आणि त्या दमट रात्री लावलेल्या थरावर मेणासारखा बुळबुळीत पापुद्रा आला. हार्डनरमधली द्रव्यं हवेतल्या ओलाव्याशी मिसळून तो येतो. साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुतला की जातो. पण न धुता वर दुसरा थर दिला तर तो धरत नाही. हे एक संकट मला आधी माहीत होतं, म्हणून इथं लिहितो.

बाहेरून फायबर ग्लासचं कापड घालायचं होतं, चौरस मीटरला दोनशे ग्रॅम भरणारं. गुंडाळी उघडल्याबरोबर अण्णा स्टुलावरून उठले. आयुष्यभर सूत हाताळलेल्या माणसानं काचेचं कापड पहिल्यांदा हातात घेतलं होतं. दोन बोटांत धरून चोळलं, उजेडात धरलं. “साधी वीण आहे. फणी मोकळी.” कापायला मी कात्री लावली तर त्यांनी हात धरला. आधी एक आडवा धागा ओढून काढला, त्यानं कापडात सरळ रेघ पडली, आणि त्या रेघेवरून कापलं. कडा कुठंही तिरकी गेली नाही. होडीवर अंथरताना टोकांकडे चुण्या पडत होत्या, त्याही त्यांनी उभ्या-आडव्या धाग्यांच्या कोनातून अलगद ओढून सपाट केल्या. मी मध्यापासून टोकांकडे रबरी पट्टीनं इपॉक्सी पसरत गेलो. पांढरं कापड भिजत गेलं तसं दिसेनासं झालं, खालचं लाकूड वर आलं. हे योग्य आहे, कापड पारदर्शक झालं म्हणजे ते पूर्ण भिजलं. अण्णांना ते काही पटलं नाही. “दिसणारच नाही तर एवढं चांगलं विणायचं कशाला?”

घासकामाबद्दल फार लिहीत नाही. साठ नंबरचा पॉलिश पेपर, मग ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस. जूनभर तेच. तोंडाला मास्क हवाच, पूर्ण बाह्या हव्यात. काचेची खाज सुटली तर गार पाण्यानं धुवावं. गरम पाण्यानं अंघोळ करून बघितली एकदा, पुन्हा करणार नाही.

इपॉक्सी उन्हात टिकत नाही, म्हणून बाहेरून रंग आणि आतून ऊन झेलणारं वॉर्निश. लेकीला गडद निळा हवा होता. मी पांढरा दिला. गडद रंगाचा पृष्ठभाग आपल्या उन्हात इतका तापतो की खोलीच्या तापमानाला वाळलेलं इपॉक्सी मऊ पडायला लागतं. लेक दोन दिवस बोलली नाही. तडजोड म्हणून वरच्या कडेखाली निळी रेघ.

वरच्या कडेला दोन्ही बाजूंनी सागाच्या पट्ट्या बसवल्या. पेठेत कुणीच त्याला इंग्रजी नावानं ओळखणार नव्हतं, सगळे ‘काठ’ म्हणत, साडीचा असतो तसा. “काठ लागला का?” अशी चौकशी व्हायची. काठ चिकटवायला एका वेळी तीस-चाळीस शिकंजे लागतात, माझ्याकडे सहा. प्लंबरकडून चार इंची पीव्हीसी पाइपचे उरलेले तुकडे आणले, दीड-दीड इंचाच्या चकत्या कापल्या, प्रत्येकीला एक चीर दिली. चीर फाकवून अडकवली की पकड घट्ट.

बैठकी दोन. मागची अगदी टोकाजवळ. पुढची थोडी आत मध्याकडे, कारण पुढं बसणाऱ्याच्या गुडघ्यांना जागा लागते. चौकटी अण्णांच्या माळ्यावरच्या जुन्या हातमागाच्या सागातून काढल्या. तो माग त्यांच्या वडिलांचा. मी विचारायला घाबरत होतो. त्यांनीच काढून दिला, “चुलीत जाण्यापेक्षा बरं.” आणि बैठका विणल्या त्यांनी, बाजेच्या नवारीनं. दोन संध्याकाळ लागल्या. त्या दोन संध्याकाळी स्टुलावर मी बसलो होतो.

होडी भंगारवाल्याच्या काट्यावर तोलली. तेहेतीस किलो. अण्णा काट्याकडे बघत म्हणाले, “माझे माग पण ह्याच काट्यावर गेले.” मग म्हणाले, “हे परत न्यायचंय ना? उचल.” खर्च जमवून पाहिला तर पंचवीस हजारांच्या आत होता, पातेलं आणि काटा सोडून.

पाण्यात घालायची वेळ आली तेव्हा बायको अडून बसली, आणि तिचं बरोबर होतं. मे २०२४ मध्ये उजनीत कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आपल्याकडे धरणाचं पाणी दिसायला शांत असतं, वारा कुठून उठेल सांगता येत नाही. मग नियम तिनं ठरवले. प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, सकाळी नऊच्या आत बाहेर, काठापासून पोहून येता येईल एवढंच लांब. आणि उजनी नाही, हिप्परगा.

हिप्परग्याचा तलाव म्हणजे एकरुख, तुळजापूर रस्त्यावर, १८७१ सालचा. ऑक्टोबरात पाऊस संपल्यावर चांगला भरलेला होता. आधी जाऊन विचारपूस करून आलो होतो. छोटा हत्ती टेम्पोवर होडी उलटी बांधून पहाटे निघालो. लेक, बायको, मी, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी अण्णा, मांडीवर धोटा.

मासे धरणारे दोघं काठावर होते. त्यांनी बोटांनी ठोकून बघितलं. एकानं विचारलं, “लाकूड कुठाय?” पांढरा रंग आणि काच, त्याला ती प्लास्टिकची वाटली. आत डोकावल्यावर वॉर्निशखालचं लाकूड दिसलं, तेव्हा मान हलवली.

लेक पुढं, मी मागं. पहिला अनुभव सांगायचा तर, कनू डुगडुगते. बसण्याआधी उभं राहायचं नसतं, मध्यरेषेवर पाय ठेवून, दोन्ही काठांना धरून खाली बसायचं. आम्ही बसलो, आणि ती पाण्यात जेमतेम चार इंच बुडाली. लेकीनं वल्हं मारलं. आवाज आला नाही. पाण्यावर वारकरी बदकं होती, काळी, कपाळावर पांढरा टिळा लावलेली. ती उडाली नाहीत, नुसती बाजूला झाली. आम्ही काहीच बोललो नाही.

वीस मिनिटांनी पायाला गार लागलं. तळाशी कपभर पाणी. मधल्या सांध्यावर एका टाक्याचं भोक भरायचं राहिलं होतं, दोनशेतलं एक. रुमालाचा बोळा दाबला आणि काठाला आलो. लेक उतरली, आणि मला वाटलं, एकट्यानं एक फेरी मारून येऊ.

तिथं मजा झाली. मी मागच्या बैठकीवर, पुढं कुणी नाही, त्यामुळे पुढचं टोक पाण्याबाहेर उचललेलं. झुळूक आली आणि त्या उचललेल्या टोकाला धरून होडी गरकन फिरली. मी डावीकडून मारतोय, ती उजवीकडे जातेय. उजवीकडून मारतोय, ती तिथंच गोल. काठ तीस हात लांब, आणि मी त्याच्याकडे पाठ करून तलावाच्या मध्याकडे सरकतोय. बायको उभी राहिली. मासे धरणारे हसत होते. मी जोर लावून तिला वळवायला बघत होतो आणि ती वळत नव्हती.

तेवढ्यात काठावरून अण्णांचा आवाज आला, मागाच्या खडखडाटावरून ओरडायची सवय असलेला.

“अरे, तिला कशाला वळवलालास? धोटा वळतोय का कधी? तूच वळ!”

मी वल्हं आडवं ठेवलं. दोन्ही काठ धरून, गुडघ्यावर येत, सरपटत पुढच्या बैठकीपर्यंत गेलो आणि तिच्यावर उलटं तोंड करून बसलो. आता मी जवळजवळ मध्यावर होतो, उचललेलं टोक खाली आलं होतं, आणि जे मागचं होतं ते पुढचं झालं होतं. काठ समोर होता. पायाशी बोळा भिजून सुटला होता आणि घोट्याएवढं पाणी इकडून तिकडं हेलकावत होतं. मी वल्हं घातलं, आणि ती सरळ निघाली.